ती बिअर ‘गरम’ नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला लंडनच्या भटकंतीचा लेख वाचला. लेख झकास आहे, पण इंग्रज माणूस गरम, मिळमिळीत, गॅस उडालेली बिअर पितो, हे त्यातले विधान मला खटकले. मी काही बिअरचा जाणकार नव्हे. चिपळूणच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, जुळवण्यात माझा जन्म गेला. तरीही या बाबतीत इंग्रजांची बाजू घेण्याची वेळ माझ्यावर आली आहे.

गेल्या वर्षी दोन महिने मुलीकडे लंडनला होतो. तिने विचारले, बाबा, काय पाहायचंय? मी म्हटले, हॅमरस्मिथचा ‘द डव्ह’ नावाचा पब. ती पाहतच राहिली, आणि आमच्या माळकरी सौभाग्यवतींनी तर हात जोडले. कारण बिअरचे नव्हते, खिळ्यांचे होते. टी. जे. कॉब्डेन-सँडरसन या गृहस्थाने 1893 मध्ये या पबच्या शेजारी पुस्तकबांधणीचा कारखाना काढला आणि त्याला पबचेच नाव दिले. पुढे 1900 मध्ये एमरी वॉकरच्या भागीदारीत त्याच नावाचा छापखाना निघाला. त्यासाठी एकच टाइप, एकाच आकारात, मुद्दाम ओतून घेतला होता. पुढे भागीदारांचे फाटले. म्हाताऱ्या कॉब्डेन-सँडरसनच्या मागे टाइप वॉकरकडे जायचा असे ठरले होते, पण हे अक्षर यंत्रावरच्या हलक्या छपाईला वापरले जाईल ही कल्पनाच म्हाताऱ्याला सहन होईना. सत्तरी उलटलेला तो माणूस 1916 च्या उन्हाळ्यापासून रात्रीच्या अंधारात हॅमरस्मिथच्या पुलावर जायचा आणि खिळे थेम्समध्ये टाकून यायचा. टनाहून जास्त धातू, शंभराहून जास्त खेपा! 2014 मध्ये पाणबुड्यांनी त्यातले दीडशेच्या आसपास खिळे वर काढले. आमच्याकडे खिळ्यांशिवाय होणारी ऑफसेट छपाई आली तेव्हा आमचे टाइप भंगारवाल्याने किलोवर नेले. त्यामुळे या म्हाताऱ्याचा मला राग येत नाही. वॉकरवर अन्याय झाला, हे मात्र खरे.

तर गेलो. हॅमरस्मिथ स्टेशनवरून नदीकाठच्या बागेतून चालत गेले की एक अरुंद बोळ लागतो, दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावे असा. त्यातच पबचे दार. इमारत अठराव्या शतकातली. छताच्या तुळया काळ्याभोर. आत शिरताच उजव्या हाताला एक चिमुकली खोली आहे, जेमतेम चार फूट बाय आठ फूट. जगातली सर्वांत छोटी बाररूम म्हणून तिची ख्याती. आमच्या छापखान्यातली प्रूफरीडरची खोलीही याहून ऐसपैस होती. मागच्या बाजूला थेट नदीवर गच्ची. आम्ही बसलो तेव्हा समोर नुसता चिखल आणि गोटे, त्यावर कलंडलेल्या होड्या. तासाभरात पाणी चढू लागले, तेही उलटे, समुद्राकडून वर. मुलीच्या इंग्रज मैत्रिणीला मला ते समजावून सांगायचे होते, पण गोवळकोटच्या धक्क्यावर वाढलेल्या माणसाला भरती-ओहोटी काय शिकवणार! वाशिष्ठी जशी चिपळूणपर्यंत भरते, तशी थेम्स पार टेडिंग्टनपर्यंत भरते.

आता मुद्द्याचे. बारवर दोन प्रकारचे नळ असतात. एक चकचकीत, गोठलेल्या दवाचे. त्यातून येते ती आपल्याकडच्यासारखी थंडगार, गॅसवर ढकललेली बिअर. दुसरा म्हणजे हातभर लांबीचा उभा लाकडी दांडा. बारवाली बाई तो दमाने स्वतःकडे ओढते आणि ग्लास भरतो. तिथे गॅसचा जोर नाही, बाईच्या दंडाचा आहे. हीच ‘रिअल एल’, म्हणजे जुन्या पद्धतीची अस्सल बिअर. कारखान्यातून ती गाळून, तापवून, त्यातले यीस्ट मारून येत नाही. पिंपात यीस्ट जिवंत असते आणि शेवटचे आंबणे पबच्या तळघरातच होते. पिंप आणले की त्याला आडवे निजवायचे, हलवायचे नाही. वरच्या भोकात मऊ लाकडाची खुंटी ठोकून जादा वायू हळूहळू बाहेर जाऊ द्यायचा. गाळ तळाशी बसेपर्यंत एक-दोन दिवस धीर धरायचा. तळघर साधारण 11 ते 13 अंशांवर राखतात. हे गरम? माठातले पाणीसुद्धा एवढे गार नसते. फ्रिजमधल्या बाटलीच्या मानाने कोमट म्हणा, चालेल. जीभ बधिर झाली नाही म्हणूनच माल्टचा, म्हणजे मोड आणून भाजलेल्या धान्याचा, किंचित भाजलेला गोडवा आणि मागून येणारा हॉप्स या फुलांचा कडवटपणा कळतो.

सत्तरच्या दशकापर्यंत मोठ्या कंपन्यांनी हा प्रकार जवळजवळ मोडीत काढला होता, कारण मेलेली बिअर सांभाळायला सोपी. 1971 मध्ये चौघा मित्रांनी त्याविरुद्ध ‘कॅम्रा’ (कॅम्पेन फॉर रिअल एल) ही चळवळ सुरू केली. ‘रिअल एल’ हा शब्दही त्यांनीच रुळवला.

तुमच्या लेखकाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. मुलीच्या घराजवळच्या एका पबात (नाव सांगत नाही) मी पहिल्यांदा ही बिअर मागवली तेव्हा ती चक्क आंबट निघाली, शिळ्या ताकासारखी. बिअर बाहेर येते तशी पिंपात हवा शिरते. एकदा ते सुरू केले की तीन-चार दिवसांत संपवावेच लागते. साध्या पिंपात 72 पिंट मावतात, आणि पिंट म्हणजे 568 मिलीलिटर. गिऱ्हाईक कमी असेल तर शेवटच्या पिंटांचे सार होते. जावयाने ग्लास परत नेला, तिथल्या पोराने एक घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि निमूटपणे दुसरे काहीतरी भरून दिले. लेखकमहाशय अशाच एखाद्या पबात बसले असावेत, अशी मला शंका आहे.

‘डव्ह’मध्ये मी ‘लंडन प्राइड’ घेतली, अर्धाच पिंट. ती जिथे बनते ती फुलर्स कंपनीची चिझिकची ब्रुअरी (बिअरचा कारखाना) काठाकाठाने चालत गेले तर जवळच आहे. 2019 मध्ये फुलर्सने बिअर बनवण्याचा धंदा जपानच्या ‘असाही’ कंपनीला विकला, पब मात्र स्वतःकडे ठेवले. बिअर तीच राहिली का, यावर शेजारच्या टेबलावरचे दोन म्हातारे तावातावाने भांडत होते. मला ती आवडली.

शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना. पिंपातला गाळ लवकर बसावा म्हणून माशाच्या पोटातल्या हवेच्या फुग्यापासून केलेली खळ घालायची जुनी पद्धत आहे. आपल्या घोळ माशाचा बोत कोळी लोक जपून काढून विकतात, त्याच जातीची वस्तू. हल्ली काही ब्रुअऱ्या त्याशिवायही बिअर करतात, बारवर विचारले की सांगतात. आमच्या सौभाग्यवतींनी लिंबू सरबत घेतले आणि माझ्या ग्लासाकडे पूर्ण वेळ पाठ केली.

निघताना पुलाकडे गेलो. पाणी काठोकाठ होते, त्यामुळे खिळे पडले त्या जागेचा तळ काही दिसला नाही. कोणी वाचक जाणार असतील तर भरती-ओहोटीचे वेळापत्रक आधी पाहून जावे. ओहोटीला पोहोचावे आणि भरती येईपर्यंत गच्चीवर बसावे. ऑर्डर बारवर जाऊनच द्यावी लागते, टेबलापाशी कोणी येत नाही. आम्ही पंधरा मिनिटे वाट पाहिली.

आपला,
एक निवृत्त कंपोझिटर, चिपळूण