आमचा ठेका आमचाच ठेवणाऱ्या भाऊंना

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गावातील बायकांनी गायलेल्या, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण आपण नीट करून पाठवलेत. ते ऐकून झाल्यावर आपल्याला फोन केला, पण तेव्हा मला धड बोलता आले नाही. म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि आपण केलेले काम चार लोकांना कळावे म्हणून ते सर्वांसमोर ठेवत आहे.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर जागरण होते आणि सोमवारी तिला निरोप दिला जातो. त्या रात्रीची आमची अहिराणी गाणी म्हणणाऱ्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्यांचा आवाज राहावा एवढ्याच इच्छेने आम्ही मावशींचा गळा, मागे झेलणाऱ्या बायका, टाळ आणि आप्पांच्या ढोलकाची दोन्ही तोंडे वेगवेगळ्या माइकवर, पण सर्वांना एकाच खोलीत बसवून मुद्रित केली होती. काही ठिकाणी टाळ आणि ढोलक एकमेकांना सोडून पडत होते. तेवढेच सावरून हवे होते.

त्यासाठी आधी ज्या स्टुडिओकडे गेलो, तिथे प्रत्येक ट्रॅक स्वतंत्रपणे कापून शंभर टक्के क्वांटाइझ करण्यात आला, म्हणजे प्रत्येक आघात संगणकाने आखलेल्या समान अंतराच्या रेघांवर (ग्रिडवर) तंतोतंत ओढला गेला. एका खोलीतल्या मुद्रणात मावशींचा आवाज ढोलकाच्या माइकमध्येही शिरलेला असतो. ढोलकाचा तुकडा एकटाच सरकवला की त्यातला आवाजही सरकतो आणि त्याच ओळीवर दुसरी फिकट ओळ चढते. ढोलकाच्या दोन माइकांत तर अवघ्या 1 मिलिसेकंदाचा फरक पडला, तरी दोन्ही एकत्र ऐकताना 500 हर्ट्झच्या आसपासचा स्वर खचतो आणि नाद पोकळ होतो. याहून वाईट म्हणजे आमचा सहा मात्रांचा दादरा त्यांनी सोळाव्या भागांच्या, म्हणजे एका ठोक्याचे चार समान भाग करणाऱ्या सरळ ग्रिडवर बसवला होता. मिनिटाला 90 ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याचे तीन समान भाग चार भागांच्या ग्रिडवर ओढले, तर मधल्या दोन मात्रा सुमारे 55 मिलिसेकंद जागा सोडतात. डोलणारा ठेका उड्या मारू लागतो. एवढे करून आम्हाला सांगण्यात आले की वाजवणाऱ्याचा हातच कच्चा आहे. आप्पा शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी ढोलकाला हात लावला नाही, आणि तो अपमान मी अजून विसरू शकलेली नाही.

आपण मात्र फाइल उघडण्याआधी आप्पांशी बोलायचे आहे असे म्हणालात. फोनवरच त्यांना ठेका धरायला लावलात, मध्येच थांबवून "सम कुठे येते?" असे विचारलेत, आणि शिकणाऱ्याने विचारावे तसे विचारलेत. त्यानंतर सगळे ट्रॅक एका गटात बांधून प्रत्येक काप सर्वांवर एकाच जागी घेतलात आणि ग्रिडच आप्पांच्या हाताप्रमाणे आखलीत. तांत्रिक बाजू जाणकारांना कळेलच. मला सांगायचे आहे ते एका मार्करबद्दल, म्हणजे फाइलमध्ये ठेवलेल्या एका खुणेबद्दल.

आपण पाठवलेला प्रोजेक्ट माझ्या भाच्याने रीपर या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला, तेव्हा तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर एक मार्कर दिसला. त्यावर लिहिले होते : "इथे कापू नये. मावशी श्वास घेत आहेत, आप्पा थांबले आहेत." त्या जागी ढोलक खरोखरच मागे पडतो, कारण मावशींचा दम पुरत नाही हे आप्पांना ठाऊक असते आणि त्या पुढची ओळ उचलेपर्यंत ते हात रोखून धरतात. स्क्रीनवर पाहणाऱ्याला ती चूक दिसावी. आपल्याला मात्र त्यात एका माणसाने दुसऱ्याला दिलेला आधार दिसला. तो मार्कर आम्हाला दाखवण्यासाठी नव्हता, पुढे कोणी ही फाइल उघडली तर त्याने ती जागा बिघडवू नये म्हणून होता. ज्यांना आपण पाहिलेलेही नाही, त्यांच्या श्वासाची अशी राखण करणारी माणसे या धंद्यात आहेत, हे मला आपल्यामुळे कळले. कौशल्य पैसे देऊन मिळते, भाऊ. ही माणुसकी मिळत नाही.

मावशींनी हेडफोन लावून पूर्ण गाणे ऐकले आणि "हाऊ मनाच आवाज शे" (हा माझाच आवाज आहे) एवढेच म्हणाल्या. आप्पांनी त्या संध्याकाळी ढोलकाच्या दोऱ्या ओढून घेतल्या.

मानधनाचा विषय काढला की आपण बोलणे दुसरीकडे नेता, पण यापुढे आम्ही ते चालू देणार नाही. जागरणातली बरीच गाणी अजून मुद्रित व्हायची आहेत. हिवाळ्यात वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी खायला सहकुटुंब यावे, आणि या खेपेला माइक कुठे ठेवायचे ते आपणच ठरवावे, अशी आम्हा सर्वांची आग्रहाची विनंती आहे.

आपली कृतज्ञ,
गाणाऱ्या बायकांपैकी एक
अमळनेर तालुका, जि. जळगाव