अत्तराच्या दुकानाचा संघ आणि आमच्या पेठेतल्या मुली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारच्या अंकात कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल सामन्याला आपण पाऊण पान दिलंत. मी ते अक्षरन् अक्षर वाचलं, कारण आमच्या घरात तालमीच्या फुटबॉल संघाचं वेड सासऱ्यांच्या काळापासून आहे. त्याच रविवारी सकाळी शहरातल्या मुलींचा बास्केटबॉलचा सामना झाला. शेवटच्या अकरा सेकंदांत दोन गुणांनी निकाल लागला. बघायला आम्ही चौदा माणसं होतो, त्यातले नऊ आई-बाप. सोमवारी निकालाची एक ओळ मी सगळ्या पेपरांत शोधली. सापडली नाही. म्हणून हे पत्र.

मंगळवार पेठेत माझं बांगड्या, टिकल्या, पावडर आणि अत्तराच्या बाटल्यांचं छोटं दुकान आहे. 1994 ते 1997 मी कॉलेजच्या बास्केटबॉल संघात होते. उंची पाच फूट दोन इंच, त्यामुळं चेंडू घेऊन पुढं जायचं काम माझ्याकडं. आम्हाला कोर्ट मिळायचं दुपारी दीड ते अडीच, कारण संध्याकाळची वेळ मुलांची. एप्रिलमध्ये सिमेंट इतकं तापायचं की कॅनव्हासच्या बुटातून चटके बसायचे. शेवटचं वर्ष संपलं आणि संघातल्या बाराजणींपैकी एकीनंही पुन्हा चेंडू हातात घेतला नाही. खेळायचं म्हटलं असतं तरी खेळणार कुणाकडून?

माझी थोरली मुलगी पुण्यात स्पॅनिश शिकली आणि एक वर्षासाठी स्पेनमधल्या सालामांकाला गेली. 1218 साली स्थापन झालेलं विद्यापीठ तिथं आहे, एवढंच मला आधी ठाऊक होतं. पहिल्याच महिन्यात एका बुधवारी रात्री साडेबाराला तिचा व्हिडिओ कॉल आला. माझ्या पोटात गोळा आला. तिनं काही न बोलता फोन फिरवला. भरलेलं स्टेडियम, ढोल वाजतायत, म्हाताऱ्या बायका उभ्या राहून ओरडतायत आणि मैदानावर बास्केटबॉल खेळणाऱ्या मुली. तिच्या घरमालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या. त्यांनी वर्षभराचं तिकीट काढलेलं असतं आणि त्यांची खुर्ची ठरलेली आहे. त्याच हिला सोबत घेऊन गेल्या होत्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या संघाचं नाव पेर्फुमेरियास आवेनिदा. पेर्फुमेरिया म्हणजे अत्तरं आणि सौंदर्यप्रसाधनं विकणारं दुकान. गावातल्या तशा दुकानांच्या साखळीचं नाव संघाला आहे. माझ्यासारख्या दुकानदार बाईला हे कळल्यावर काय वाटलं असेल, ते आपण समजू शकाल.

क्लब 1988 चा. सालामांकाची वस्ती दीड लाखाच्या आतबाहेर. आपल्या कोल्हापूर शहराची 2011 च्या जनगणनेतच 5 लाख 49 हजार होती. म्हणजे गाव आपल्या एक चतुर्थांश. त्या गावातल्या या संघानं स्पेनची लीग आठ वेळा जिंकली आहे. 2009 साली युरोलीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेची, अंतिम फेरी त्यांच्या घरी झाली आणि मॉस्को परिसरातल्या स्पार्टाक या संघानं त्यांना घरच्या लोकांसमोर 85-70 असं हरवलं. दोन वर्षांनी, 2011 मध्ये, रशियातल्या येकातेरिनबर्गला तोच स्पार्टाक समोर आला. तो सलग चार वेळचा विजेता. आवेनिदानं 68-59 असा सामना घेतला आणि युरोपचं विजेतेपद अत्तराच्या दुकानाच्या गावात गेलं. (त्या वर्षी नावात हाल्कोन ही प्रवासी कंपनी होती. पुरस्कर्ता बदलला, संघ तोच राहिला. हे मुद्दाम सांगते, कारण माझा मुद्दा तिथंच आहे.)

त्या संघात सिल्विया डोमिंगेझ होती. उंची 1 मीटर 67. बास्केटबॉलमध्ये ही उंची म्हणजे ठेंगणीच. काम माझंच: चेंडू आणायचा, खेळ मांडायचा. मधली काही वर्षं ती बाहेर खेळली आणि पुन्हा सालामांकात परतली. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या स्पेनच्या संघात ती होती. 2021 मध्ये आवेनिदा पुन्हा युरोलीगच्या अंतिम सामन्यात पोचला आणि येकातेरिनबर्गच्या संघाकडून 78-68 असा हरला, तेव्हा चौतीस वर्षांची सिल्विया मैदानात होती. चौतिशीत! आमच्या बाराजणींचा खेळ एकविसाव्या वर्षी संपला होता.

कुणी म्हणेल, परदेशात पैसा आहे, एखादा धनिक उभा राहतो आणि संघ होतो. तसंही तिथं झालंय. व्हॅलेन्सियाच्या रोस कासारेस या क्लबमागं पोलादाच्या उद्योगाचा पैसा होता. 2012 साली ते युरोलीग जिंकले आणि त्याच उन्हाळ्यात पुरस्कर्त्यानं हात आखडता घेतला. युरोपच्या विजेत्यांनी आपला व्यावसायिक संघच बंद केला. पाण्यासारखा पैसा ओतून एका वर्षात संघ उभा करता येतो. पण खुर्ची ठरलेली आजी असा पैसा ओतून मिळत नाही. ती एक हंगाम हरलेल्या संघाला बघायला आलेली असते, तेव्हा कुठं मिळते.

आणि हे कोल्हापूरला नव्यानं शिकवायची गरज आहे का? पाटाकडील, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब ही आपल्या पेठांच्या फुटबॉल संघांची नावं कुठल्या कंपनीच्या जोरावर टिकली? पेठेनं वर्गणी काढली, वडिलांनी मुलाला खांद्यावर बसवून सामने दाखवले. तालमींनी परदेशातून खेळाडू आणले, त्यांची हंगामभर राहायची-जेवायची सोय केली, मानधन दिलं. क्लब चालवायला जे जे लागतं ते सगळं आपल्या पेठांना तोंडपाठ आहे. फक्त त्यात मुलींचा संघ नाही.

आपल्या कोल्हापूरची नेमबाज तेजस्विनी सावंत 2010 मध्ये विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, तेव्हा आपण फटाके वाजवले. मीही दुकान बंद करून मिरवणुकीला गेले होते. पण नेमबाजी एकटीनं करता येते. बास्केटबॉलला बाराजणी लागतात, दर आठवड्याला सामना लागतो आणि आपलं म्हणता येईल असं एक कोर्ट लागतं. सध्या आमच्या मुली ज्या कोर्टावर खेळतात तिथल्या एका रिंगला जाळी नाही, आणि प्रदर्शनाचा मांडव पडला की पंधरा दिवस सराव बंद. मुलींच्या पालकांनी अर्ज दिले, पोच मिळाली, पुढं काही नाही.

माझं म्हणणं असं: एखाद्या तालमीनं आपल्या नावाचा, आपल्या रंगाचा मुलींचा बास्केटबॉल संघ काढावा. जर्सी तीच, झेंडा तोच. सामन्याला तिकीट लावावं, दहा रुपयांचं का असेना. फुकटच्या सामन्याला लोक सोयीनं येतात, तिकीट काढलं की वेळेवर येतात. खेळाडूंना प्रवासखर्च आणि मानधन द्यावं, म्हणजे एकविसाव्या वर्षी घरी सांगता येईल की मी खेळायला जाते, उंडगायला नाही. पहिल्या वर्षी माझ्या दुकानाकडून पंचवीस हजार रुपये देते. गल्लीतल्या आणखी तीन दुकानदारांशी बोलले आहे. एकानं जर्सीचं कापड कबूल केलंय, दुसऱ्यानं सामन्याच्या दिवशीचा चहा-नाश्ता, तिसरे अजून विचार करतायत.

आपल्याकडं मागणी एवढीच. सोमवारच्या क्रीडा पानावर फुटबॉलच्या निकालाखाली मुलींच्या बास्केटबॉलच्या निकालाला चार ओळी द्या आणि शनिवारी पुढच्या सामन्याची वेळ छापा. बातमीदार पाठवणं जमत नसेल तर हरकत नाही. गुणफलक लिहायला मी बसतेच. रविवारी दुपारी एकच्या आत निकाल, गुणांसह, स्वच्छ अक्षरात आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपली,
एक दुकानदार आणि जुनी खेळाडू,
मंगळवार पेठ, कोल्हापूर
(नाव व पत्ता पाकिटात स्वतंत्र दिला आहे.)