सुध्यास पत्र: २३५ घालायचे नाहीत

दोडामार्ग,
आषाढ संपता संपता

प्रिय सुध्या,

‘जिप्सीला बिनधास्त २३५ चे टायर घाल’ असा सल्ला पिंट्याला देणारे मस्कतचे टायरतज्ज्ञ म्हणजे आपणच, हे काल रात्री जेवताना उघड झालं. पोर तोंडाचं पक्कं, पण तुझ्या वहिनीने सोलकढीचा दुसरा पेला पुढे केला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. मला दोन ओळी लिहायला तुला सवड नाही, माझ्या पुतण्याशी मात्र तासतास गजाली. असो. आई बरी आहे, गुडघे आहेत तसेच आहेत. माझी साखर डॉक्टरांना आवडत नाही, मला चालते. तब्येतीचं संपलं.

आता झालं काय ते ऐक. हे तुला सोडून कोणाला सांगू? घरात सांगितलं की ‘गाडी विका’ एवढंच उत्तर येतं.

जिप्सीच्या मागच्या एका टायरला जांभ्याच्या धारेने बाजूने चीर पडली. सड्यावरून जाणारी ती वाट, तुझाच शोध. दुसरा तसाही गुळगुळीत झाला होता. मी तेव्हा आईला घेऊन सावंतवाडीला. पिंट्या कुडाळला गेला, दुकानात आपल्या २०५/७० आर १५ मापाचे टायर नव्हते. दुकानदार म्हणाला, ‘एक नंबर मोठा घाला, काय फरक पडत नाय.’ याने मागे २१५/७५ चे दोन कोरे टायर चढवले. पुढे जुने २०५. दिसायला गाडी रुबाबदार झाली, मागून उचललेली, जत्रेतल्या कोंबड्यासारखी.

मग एके दिवशी हा खताच्या गोणी टाकून बागेतून येत होता. व्हाळात चिखल म्हणून उतरून पुढच्या चाकांचे दोन्ही हब लॉक केले, लिव्हरने फोर बाय फोर टाकलं, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर, आणि वर आला. इथपर्यंत शाबास. पण लिव्हर न काढता तसाच वाडीच्या सिमेंटच्या चढावर निघाला. अर्ध्या चढावर स्टिअरिंग दगड झालं, खालून टकटक ऐकू आली, आणि देवळाजवळ पोचून लिव्हर काढायला गेला तर तो जागचा हलेना. दोन माणसं लिव्हरला लटकली. कोणीतरी हातोडाही आणला. नशीब, तेवढ्यात बाबू मेस्त्री आला. तो बघताक्षणी म्हणाला, ‘हातोडो ठेव. आधी गाडी मागे घे.’ आल्या वाटेने थोडी मागे घेतली, तरी पूर्ण सुटेना. मग सगळ्यांना लांब उभं करून त्याने पुढचं एक चाक जॅकवर घेतलं. टायर जमिनीवरून सुटल्याबरोबर चाक ताडकन फिरलं आणि लिव्हर लोण्यातून निघावा तसा बाहेर आला.

तुला कळलंच असेल. पिंट्याला मात्र कळेना, म्हणून रात्री पडवीच्या भिंतीवर खडूने हिशेब मांडून दाखवला. २०५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ७० म्हणजे त्या रुंदीच्या ७० टक्के टायरच्या बाजूची उंची, ती वरून एकदा आणि खालून एकदा, आणि मध्ये १५ इंची रिम. बेरीज ६६८ मिलिमीटर. तसाच २१५/७५ चा व्यास येतो ७०३. म्हणजे शंभर मीटरला पुढचं चाक साधारण ४७.७ फेरे मारणार, मागचं ४५.२. आपल्या गाडीत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शिअल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी, नाही. फोर बाय फोर टाकलं की दोघे एकमेकांना बांधलेले. मग हे जवळजवळ अडीच फेरे जाणार कुठे? चिखलात चाक घसरतं आणि हिशेब मिटतो. सिमेंटवर घसरायला जागा नाही, पीळ चढत राहतो. पिंट्या बराच वेळ भिंतीकडे बघत बसला. मला वाटलं, चला, पोराच्या डोक्यात शिरलं.

शिरलं ते भलतंच. म्हणतो, ‘म्हणजे चारही सारखे पाहिजेत ना? मग चारही २३५/७५ घालू. सुधाकाका पण तेच म्हणतात.’

गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही चिखलातली गाड्यांची स्पर्धा बघून आल्यापासून हा बिघडलाय. तिथल्या गाड्या, त्यांचे ते राक्षसी टायर, पुढे विंच. मोबाइलवर दिवसरात्र तेच. टायर इंचांत मोजायला शिकला, २०५ ला तो ‘सव्वीस इंची’ म्हणतो आणि नाक मुरडतो. एकोणतीस इंच हे त्याचं मोक्ष. त्याचं वय आहे, ठीक. तुझं काय?

माझं म्हणणं सगळं ऐकून घे, मध्ये बोलू नकोस. (पत्राचा हा एक फायदा.)

पहिलं, ते ‘अडीच इंच उंची मिळेल’ जे तू सांगितलंस. व्यास ६६८ चा ७३३ होतो हे खरं. पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, कारण उरलेलं निम्मं धुऱ्याच्या वरच्या बाजूला जातं. मिळतात जेमतेम ३३ मिलिमीटर, सव्वा इंच. इंजिनिअरिंगला आपण एकाच बाकावर बसायचो, आणि हे मी तुला सांगायचं!

दुसरं, इंजिन. तेराशे सीसी, ८० अश्वशक्ती, तीही मिनिटाला ६००० फेऱ्यांवर. खालच्या फेऱ्यांत या इंजिनात दम नाही, हे तू स्वतः आंबोलीच्या घाटात शिव्या देत शिकलायस. टायर दहा टक्के मोठा म्हणजे सगळेच गिअर दहा टक्के लांब. ज्या चढाला आज दुसरा पुरतो तिथे पहिला लागणार. लो मध्ये, म्हणजे फोर बाय फोरच्या सावकाश गिअरांत, गाडी जेवढ्या सावकाश रांगते, तेवढी रांगणार नाही. आणि उतार? दुसऱ्यात इंजिन आज गाडीला जेवढं धरतं तेवढं धरणार नाही, ब्रेकवर जास्त भार. वेगाचा काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ ने पळत असेल, आणि चालवणारा पिंट्या. पॉवर स्टिअरिंग आपल्याला नाही. बाजारात गाडी लावताना त्याचे दंड पीळदार होतील, पण मी चालवायची की नाही?

तिसरं, रिम. आपल्या रिमा रुंदीला साडेपाच इंची. २३५/७५ ला कमीत कमी सहाची रिम लागते. म्हणजे टायरांपाठोपाठ रिमा आल्या. मग पूर्ण वळवल्यावर टायर स्प्रिंगच्या पाट्यांना घासणार, म्हणून रिमा बाहेर काढायच्या. बाहेर काढल्या की मडगार्डला लागणार, म्हणून पाट्यांचे शॅकल, म्हणजे टोकाच्या कड्या, लांब करायचे. शॅकल लांब केले की शाफ्टचा कोन बिघडणार. बाबू मेस्त्रीचा बंगला होईल, बाग राहील बाजूला.

चौथं तुझ्या कामाचं. आरसी बुकावर नाव कोणाचं आहे? नावावर करून घे, करून घे म्हणून मी किती वर्षं मागे लागलोय. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करायचा नाही. उद्या कुठे ठोकली आणि उचललेली गाडी, मडगार्डबाहेर आलेले टायर बघून विमावाल्यांनी हात वर केले, तर नोटीस श्रीयुत सुधाकर यांच्या नावे निघेल. इकडच्या पत्त्यावर येईल, पण उघडून वाचणार मी नाही.

आता रुंदीचं. हे आपलं जुनं भांडण आहे, अण्णांच्या जीपपासूनचं. ती महिंद्रा, सहाशे-सोळाचे टायर. सहा इंच रुंद, सोळाची रिम, लढाईतल्या विलीसलाही हेच माप. तू तेव्हापासून त्यांना ‘सायकलचे टायर’ म्हणून हिणवायचास. त्याच सायकलच्या टायरांवर अण्णा भर पावसात तिलारीकडे जाऊन यायचे, आणि आपल्या मित्राची रुंद टायरांची नवी गाडी कुठे रुतली होती ते मी इथे लिहीत नाही, त्याची बायको पत्र वाचते असं ऐकलंय.

तुझा अनुभव वाळूचा, सुध्या. तुमच्या ओमानमधल्या वाहिबाच्या वाळूला तळ नाही. तिथे तरंगावंच लागतं, म्हणून तू तुझ्या प्राडो गाडीची हवा पंधरा पौंडांवर आणतोस आणि वर टेकाडं चढतोस. पण तिथेसुद्धा हवा काढल्यावर टायरचा ठसा रुंद होण्यापेक्षा लांब जास्त होतो, हे तुझ्याच फोटोंत दिसतं. आमच्याकडे उलट. बागेच्या वाटेवर वर चार बोटं लाल राबडी आणि खाली कडक जांभा. तिथे राबडी कापून खाली जांभ्यावर पाय टेकेल तो टायर हवा. हजारएक किलोची हलकी गाडी, तिला रुंद टायर घातला की ती राबडीवरच तरंगते आणि आडवी होते. आणि हवा पंधरावर आणायची इथे सोय नाही, जांभ्याची धार टायरची बाजू फाडून ठेवते. कुणग्यात, भाताच्या खोल चिखलात, तुझा रुंद टायर जिंकेल, हे मी मान्य करतो. पण भाताच्या कुणग्यात गाडी घालायची कोणाला? तिथे पॉवर टिलर आहे.

मला मनापासून काय आवडलं होतं सांगू? जिमनीचं माप. १९५/८० आर १५. व्यास ६९३, म्हणजे आपल्यापेक्षा फक्त पंचवीस मिलिमीटर मोठा, रुंदीला उलट दहाने कमी, बाजू उंच म्हणून खड्ड्यांत मऊ, आणि साडेपाचच्या रिमेवर बसतो. काटा ६० ला गाडी ६२. जिप्सीच्या वारसदाराचं माप जिप्सीला, यात काहीतरी न्यायही आहे. कुडाळला जाऊन बघितले. दुकानात होते, पण नक्षी अगदी रस्त्याची, बारीक खाचांची. त्या खाचा आमच्या मातीने पहिल्या वळणावर भरतील आणि पुढे नुसती गुळगुळीत चकती फिरेल. माप बरोबर, नक्षी चुकीची. आणि मागे बसलेल्या २१५ ची नक्षी फर्स्ट क्लास, मोकळी, चिखल बाहेर टाकणारी, पण माप मला हवं त्याहून जरा मोठं.

या विचाराने झोप उडालीय. तुझी वहिनी म्हणते, पोरीच्या स्थळासाठी एवढा विचार केला नव्हता. खरं आहे, जावयाची नक्षी एका नजरेत दिसली होती.

तुझ्या लेकीचं ॲडमिशन झालं म्हणे, छान. पर्वरीच्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? कंपनीने दोन वर्षं वाढवून दिली हे पिंट्याकडून कळलं. वहिनींना सांग, आमसुलं पाठवतोय, यंदाची चांगली आहेत.

तर. रात्री परत भिंतीपाशी बसलो. दोन २१५ घेतलेले आहेतच, फारसे पळालेले नाहीत. आणखी तीन तशाच मापाचे, त्याच नक्षीचे घेतले तर पाचही सारखे होतात. साडेपाचच्या रिमेवर २१५ बसतो. ६० ला ६३, चालेल. गाडी अठरा मिलिमीटर उचलली जाईल, पाट्यांना हात लावायला नको. टायरवरचे चार आकडे बघून घेईन, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन साल. एकाच सुमाराचे असले तर बरं. हवा सव्वीसच्या खाली न्यायची नाही. आणि पाचही टायर आळीपाळीने फिरवायचे, स्टेपनीसकट, कारण कोऱ्या टायरच्या आणि झिजलेल्या टायरच्या व्यासात पंधराएक मिलिमीटर सहज पडतात आणि मग पुन्हा तोच पीळ, लहान प्रमाणात.

याचा अर्थ तू जिंकलास असा काढू नकोस. २१५ हे २३५ नव्हे.

राहिला पिंट्या. माझं तो ऐकणार नाही, तुझं ऐकतो. त्याला फोन कर आणि सांग की नीट विचार केल्यावर तुझं मत बदललं. पत्राचा उल्लेख नको. शॅकलचं काम महिनाभर गाडी मेस्त्रीकडे ठेवून होतं आणि चतुर्थीला गाडी नसेल, एवढं सांगितलंस तरी पुरे. चतुर्थीला त्याला कॉलेजची मंडळी गाडीतून फिरवायची आहेत. हे मला माहीत आहे, हे त्याला माहीत नाही.

गुरुवारी कुडाळला जाणार आहे. त्याच्या आत फोन झाला पाहिजे, नाहीतर हा माझ्या आधी तिथे पोचलेला असेल.

तुझा,
बाळ्या

ता. क. वाळूत हवा काढायला तू वापरतोस तो पितळी डिफ्लेटर येताना आण. नाही, वापरणार नाही. हवा मोजायला आमच्या पंपावरचा काटा खोटं बोलतो आणि तुझ्या डिफ्लेटरला घड्याळ आहे, म्हणून.

आणि तीन टायरांपैकी एकाचे पैसे तू देणार आहेस. गाडी तुझ्या नावावर आहे.