लाल गोळ्या देव्हाऱ्यामागं

महोदय,

मी केज तालुक्यात आशा म्हणून काम करते. परवा सातवा महिना लागलेल्या एका गरोदर पोरीला विचारलं, “लोहाच्या लाल गोळ्या घेतेस ना?” म्हणाली, “रोज, ताई.” पाणी प्यायला आत गेले, तर देव्हाऱ्यामागं चार पाकिटं तशीच, एकही गोळी फोडलेली नाही. रागावले नाही, जवळ बसले. तेव्हा बोलली, “शी काळी होते. लेकरू बी काळं निघंल म्हणत्यात.” सासूबाईंनी मान डोलावली. अंगी न लागलेलं लोह बाहेर पडतं म्हणून तो रंग, लेकराच्या रंगाशी त्याचा संबंध नाही, हे पटवायला अर्धा तास गेला.

ज्या घेतात, त्या सकाळच्या चहाबरोबर लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदमच घेतात. चहा आणि कॅल्शियम दोन्ही लोह अंगी लागू देत नाहीत. कॅल्शियम जेवणाबरोबर, लोह त्यानंतर दोन तासांनी लिंबूपाण्यासोबत, असं मी सांगते. लोहाची गोळी झोपताना घेतली तर मळमळही कमी जाणवते.

लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, 180 दिवस घ्यायची आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. पण दिवाळी झाली की आमच्या गरोदर बायासुद्धा कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात. जवळच्या गोळ्या महिन्याभरात संपतात, फडात कोण देणार? गाडी हलण्याआधीच प्रत्येकीला हंगामभराच्या गोळ्या आणि नोंदीचं कार्ड हातात द्या, एवढी आरोग्य खात्याला कळकळीची विनंती.

– एक आशा स्वयंसेविका, ता. केज, जि. बीड