रिकाम्या जागेचं भाडं मान्य, पिशवीच्या कानांचं नाही

दि. १० नोव्हेंबर २०२५
पुणे

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, पुणे विभागीय कार्यालय

विषय : पार्सलच्या आकाराचं चुकीचं माप घेऊन वजनफरकापोटी कापलेले ९,५१५ रुपये ५२ पैसे परत मिळण्याबाबत आणि बंद केलेलं पिकअप सुरू करण्याबाबत.

महोदय,

कसबा पेठेत आमचा पगड्या आणि फेटे बनवण्याचा घरगुती व्यवसाय आहे. घरचीच माणसं राबतात, त्यावरच घर चालतं. पुण्याबाहेरच्या ऑर्डरी आम्ही तुमच्या कुरिअर कंपनीमार्फत रस्त्याने पाठवतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर या तीन महिन्यांत आमच्या ४६ पार्सलांवर तुम्ही ‘वजनात तफावत’ असं कारण दाखवून जादा आकार लावला आणि तो आमच्या वॉलेटमधून परस्पर कापून घेतला. पोर्टलवर हरकती घेतल्या, ग्राहक सेवेला फोन केले, मेल केले. उत्तर दरवेळी एकच : ‘तपासणी केली असता आकारणी योग्य आढळली.’ कोणी तपासलं, काय तपासलं, हे कोणीच सांगत नाही. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे नियमांचं पान मला पुन्हा वाचून दाखवायला नको. व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घ्यायची, गुणाकार करायचा, ५००० ने भागायचं. येणारा आकडा आणि काट्यावरचं वजन यांत जे जास्त, त्यावर भाडं, तेही पुढच्या अर्ध्या किलोच्या टप्प्याला. विमान मालवाहतुकीत साधारणपणे ६००० ने भागतात. तुम्ही रस्त्याने नेऊन ५००० ने भागता. तरी ते वाचून, समजून, मान्य करूनच मी खातं उघडलं आहे. गाडीत जागा अडते, जागेचे पैसे द्यावे लागतात. पगडीसारखी हलकी आणि पोकळ वस्तू विकणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवायला नको.

पगडी घडी करून पाठवता येत नाही. फेटा बांधायच्या कापडासारखा पाठवला तरी चालतो, पुणेरी पगडीचा आकारच पक्का बसवलेला असतो. कोका, म्हणजे पगडीचा वर आलेला भाग, खोक्याच्या झाकणाला नुसता टेकला तरी प्रवासात दबतो, आणि एकदा दबलेला कोका ज्याच्या सत्काराला पगडी मागवली आहे त्याच्या डोक्यावर कसा दिसतो ते मी पाहिलेलं आहे. म्हणून वर बोटभर मोकळी जागा आणि खाली कागदाची कात्रणं, असा हिशेब करून आम्ही खोक्याचा एकच साइज ठरवला. सगळे खोके एकाच कारखान्यातून, एकाच डायवर, म्हणजे कापायच्या साच्यावर, कापून येतात. कारखानदार सांगतो ते माप आतलं असतं, पुठ्ठ्याची जाडी त्यात धरलेली नसते, हेही मला माहीत आहे. त्यामुळे मी सांगतोय ते बाहेरून, चिकटपट्टी मारल्यानंतर घेतलेलं माप आहे : ३२ × २८ × २० सेंटीमीटर. गुणाकार १७,९२०. भागिले ५००० म्हणजे ३.५८४ किलो, म्हणून ४ किलोचा टप्पा. पगडी, कात्रणं आणि खोका मिळून काट्यावर जेमतेम ६०० ग्रॅम भरतात. म्हणजे ६०० ग्रॅमच्या वस्तूसाठी मी मुकाट्याने ४ किलोचं भाडं देतो. आमच्या करारातल्या दराने पहिल्या अर्ध्या किलोला ४८ आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ३६ रुपये, म्हणजे ३०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. याबद्दल माझी काडीची तक्रार नाही.

तक्रार इथून पुढे आहे. याच खोक्याचं माप तुमच्या यंत्रणेत ३१ पार्सलांना ३८ × ३४ × २४ असं नोंदलं गेलं. म्हणजे साडेसहा किलोचा टप्पा, ४८० रुपये. फरक १८० रुपये आणि जीएसटी धरून २१२.४०. नऊ पार्सलांना ४१ × ३३ × २६. इथे हिशेब येतो ७.०३५६ किलो, म्हणजे सातच्या वर ३५ ग्रॅम गेले म्हणून साडेसातचा टप्पा. फरक जीएसटीसह २९७.३६. सहा पार्सलांवर कृपा झाली, त्यांना ३४ × ३० × २२ लावून ४२.४८ रुपयांवर सोडलं. आणि याच तीन महिन्यांत याच खोक्यातून गेलेल्या इतर कित्येक पार्सलांवर एक पैसाही जादा लागला नाही, कारण त्यांचं माप तुमच्याच यंत्रावर बरोबर ३२ × २८ × २० आलं. एका डायवर कापलेल्या खोक्याची चार मापं येत असतील, तर गडबड डायमध्ये आहे की मापात, हे ठरवायला तपास समिती लागू नये.

यातही एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. आमच्या खोक्याची उंची दोन सेंटीमीटर जास्त मोजली गेली, तरी वजन ३.९४ किलो येतं आणि टप्पा ४ किलोचाच राहतो. म्हणजे थोडाफार फुगीरपणा, चिकटपट्टीची जाडी, मोजण्यातली उन्नीसबीस, हे सगळं पोटात घेऊनही जादा आकार लागायचं कारण नाही. अडीच किलोचा फरक पडायला तिन्ही बाजू चार ते सहा सेंटीमीटरने वाढाव्या लागतात. खोका पावसात भिजून असा वाढत नाही.

तो कसा वाढतो, हे तुमच्याच फोटोंवरून कळलं. बहुतेक हरकतींना पुरावा म्हणून काहीच जोडलेलं नव्हतं, पण काही ठिकाणी फोटो मिळाले. बंगळुरूच्या पार्सलाचा फोटो मोठा करून पाहा. खोका तुमच्या कंपनीच्या प्लास्टिकच्या पिशवीत आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून पिकअपला येणारा मुलगा प्रत्येक खोका त्या पिशवीत घालतो, कारण त्याला तशी सूचना आहे. पिशवी खोक्यापेक्षा ऐसपैस, तोंड चिकटवल्यावर दोन्ही टोकांना प्लास्टिकचे कान बाहेर येतात. फोटोत मोजपट्टीचा पत्रा एका कानाला अडकवलेला आहे आणि दुसरं टोक पलीकडच्या कानापर्यंत ताणलेलं. खोक्याची कड दोन्हीकडे दोन-दोन बोटं आत राहिलेली प्लास्टिकमधून स्वच्छ दिसते आहे. हे ३८ सेंटीमीटर! सरकत्या पट्ट्यावरून जाणाऱ्या पार्सलाचं माप घेणारी तुमची यंत्रं सर्वांत बाहेर आलेला बिंदू धरून चौकट आखतात, त्यामुळे त्यांनाही तो कान खोकाच वाटत असणार. यंत्राला कळत नाही हे समजू शकतो. पण हरकत आल्यावर ज्या माणसाने हा फोटो उघडून ‘आकारणी योग्य’ असं लिहिलं, त्याने तो खरोखर उघडला होता का?

हा प्रश्न उगाच विचारत नाही. इंदूरच्या पार्सलाला पुरावा म्हणून जो फोटो जोडला आहे, तो मिक्सरच्या खोक्याचा आहे. खोक्यावर मिक्सरचं चित्र छापलेलं आहे. आम्ही मिक्सर विकत नाही. ही हरकतसुद्धा ‘तपासून’ फेटाळण्यात आली.

आणि भोपाळचं पार्सल तर तुम्ही संग्रही ठेवावं असं आहे. ग्राहक गावाला गेले होते, पार्सल परत आलं. जातानाच्या नोंदीत वजन साडेसहा किलो. तेच सीलबंद पार्सल, न उघडता परत येताना तुमच्याच नोंदीत ४ किलो. परतीचं भाडंही ४ किलोनेच लावलं आहे. जाताना अडीच किलो पगडीत काय होतं आणि ते भोपाळला कुठे उतरलं, याचा खुलासा लेखी मिळाला तर उपकार होतील.

आता तुमच्या हरकतीच्या पद्धतीबद्दल. पैसे आधी कापले जातात, मेल नंतर येतो, आणि मेल आल्यापासून सात दिवसांत हरकत घ्यायची. ऐन गणपतीत, जेव्हा आमच्याकडे मंडळांच्या ऑर्डरींमुळे जेवायला सवड नसते, तेव्हा हे मेल रोज येत होते. हरकतीच्या फॉर्ममध्ये मोजपट्टी लावलेल्या पार्सलाचे तिन्ही बाजूंचे फोटो मागतात. पार्सल एव्हाना तुमच्या ताब्यात, तुमच्या गोदामात किंवा गाडीत! नशिबाने मी खोका बंद केल्यावर फोटो काढून ठेवतो, म्हणून ते जोडता आले. जो काढत नाही, त्याचं काय होत असेल? विक्रेत्याकडून तीन फोटो, आणि कंपनीकडून एक, तोही मिक्सरचा.

ग्राहक सेवेतल्या एका मॅडमनी मात्र तोडगा सुचवला. ‘सर, प्रॉडक्ट कॉम्प्रेस करून लहान बॉक्समध्ये पाठवा.’ २००९ साली पुणेरी पगडीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते तिच्या ठरलेल्या घडणीसाठी. ती दाबून चपटी करून पाठवली तर समोरचा तिला काय म्हणेल ते मी लिहीत नाही. मॅडमचा दोष नाही, त्यांच्यासमोर जे लिहिलेलं असतं ते त्या वाचतात. पिकअपच्या मुलाबद्दलही माझी तक्रार नाही, उलट तो पार्सल जपून नेतो. त्याला कृपया या पत्रावरून काही बोलू नये.

मंडईतल्या भाजीवाल्याच्या काट्यालाही ठराविक मुदतीने वैध मापनशास्त्र विभागाचा शिक्का लागतो, पाव किलो मिरच्या मोजायच्या असल्या तरी. तुमची यंत्रं आमच्याकडून मापावर पैसे घेतात. वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ नुसार व्यवहारात वापरली जाणारी वजनं-मापं पडताळून, शिक्का मारून घेणं बंधनकारक आहे. तेव्हा आमची ही पार्सलं ज्या काट्यांवर आणि ज्या मोजयंत्रांवर मोजली गेली, त्यांच्या चालू पडताळणी प्रमाणपत्रांच्या प्रती मला पाठवाव्यात. ती दर्शनी जागी लावलेली असतात, त्यामुळे फोटो काढून पाठवायला वेळ लागू नये.

माझं म्हणणं थोडक्यात असं की कापलेली ९,५१५.५२ रुपयांची रक्कम वॉलेटमध्ये नव्हे, बँक खात्यात परत करावी आणि जीएसटीसह क्रेडिट नोट द्यावी. वॉलेटमध्ये टाकलेली रक्कम पुढच्या चुकीच्या मापाला पुन्हा कापली जाणार, हे अनुभवाने कळलं आहे. हरकत निकाली निघेपर्यंत कोणतीही जादा रक्कम कापू नये. यापुढे माप वाढलं असं तुमचं म्हणणं असेल तर पिशवीबाहेर काढलेल्या खोक्याचे, पार्सल क्रमांक दिसेल असे, तिन्ही बाजूंचे फोटो पैसे मागण्याआधी पाठवावेत. आमचा खोका एकाच साइजचा असल्याने तो एकदा तुमच्या पुणे केंद्रावर आणून, दोघांसमक्ष मोजून, ते माप खात्यावर कायम नोंदवायलाही मी तयार आहे. काही कंपन्या विक्रेत्याच्या मालाचं माप असं गोठवून ठेवतात. तुमच्याकडे ती सोय असेल तर मला आजवर कोणी सांगितलेली नाही.

सगळ्यांत तातडीचं म्हणजे पिकअप. वादातली रक्कम कापल्यामुळे वॉलेट उणे गेलं आणि गेल्या आठवड्यात तुम्ही आमचं पिकअप थांबवलं. तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई सुरू झाली. नवरदेवाची पगडी मुहूर्तानंतर पोचून उपयोग नाही. सध्या पार्सलं दुसरीकडून जास्त दराने पाठवतो आहे, त्या पावत्या जपून ठेवल्या आहेत.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आणि रक्कम मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथेबद्दल दाद मागेन. ‘तुम्ही व्यापारी आहात, ग्राहक नाही’ असं उत्तर कृपया पाठवू नये. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी आम्ही ही सेवा घेतो, मोठ्या व्यापारासाठी नाही. आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. मिक्सरचा फोटो तिथेही जोडेन.

पत्रव्यवहारासाठी माझा क्रमांक खात्यावर नोंदलेला आहे. सकाळी अकरापर्यंत फोन केल्यास बरं, दुपारी पगड्या बसवायचं काम चालू असतं आणि हाताला खळ असते.

आपला,
पगड्या व फेटे बनवणारा एक खातेदार
कसबा पेठ, पुणे

सोबत : ४६ पार्सलांची यादी आणि नोंदलेली मापं, खोका बंद केल्यावरचे आमचे फोटो, तुम्ही पाठवलेले फोटो (मिक्सरसह), भोपाळच्या पार्सलाच्या जाण्या-येण्याच्या नोंदी, हरकती फेटाळल्याचे मेल.