गोन्सालो गार्सिया ‘फादर’ नव्हते

मा. संपादक,

जपानमध्ये १५९७ साली मारले गेलेले वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांच्यावर फेब्रुवारीत जे लेख छापून येतात, त्यांत त्यांना सर्रास ‘फादर’ म्हटलेले असते, आणि त्यांना क्रुसावर खिळे ठोकून मारले असेही लिहिलेले असते. दोन्ही चूक. त्यांना गुरुदीक्षा, म्हणजे धर्मगुरूपद, कधी मिळालीच नव्हती. ते फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी संघाचे ब्रदर, म्हणजे धर्मगुरू नसलेले व्रतस्थ, होते. मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) अर्पण करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. त्यांचे मोठे काम दुभाष्याचे, आणि नेमके तेच लेखांतून गळते.

जन्म वसईचा, १५५७ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. शिक्षण जेज्युइट या दुसऱ्या कॅथलिक संघाकडे, आणि पोरवयात त्यांच्याबरोबरच जपानला प्रयाण. तिथे धर्मशिक्षण देता देता जपानी भाषा अंगात मुरली, पण जेज्युइट संघात प्रवेश काही मिळाला नाही. मग मकावला व्यापार केला, तो सोडला आणि मनिलात फ्रान्सिस्कन झाले. १५९३ मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरचे दूत म्हणून फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेले, तेव्हा बोलणी करायला सोबत गोन्सालो होते. पुढे क्योटोत मठ उभा राहिला, कुष्ठरोग्यांची शुश्रूषा सुरू झाली.

छळाचे कारण ‘धर्मद्वेष’ एवढ्यावर उरकले जाते, तेही अपुरे. मिशनऱ्यांना हाकलण्याचा हिदेयोशीचा हुकूम १५८७ चाच होता. पोर्तुगीज व्यापार हवा असल्याने त्याची अंमलबजावणी ढिली होती. जेज्युइट जपून वागत, फ्रान्सिस्कन मात्र राजधानीत उघड प्रचार करत. ऑक्टोबर १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे मनिलाहून मेक्सिकोला निघालेले स्पॅनिश जहाज जपानमधील तोसा प्रांताच्या किनाऱ्यावर फुटले आणि त्यावरचा माल जप्त झाला. ‘आधी मिशनरी येतात, मागून फौज’ असे जहाजाचा सुकाणूधर बोलून गेला, असे म्हणतात. तो खरेच तसे बोलला का, यावर दोन्ही संघ पुढे एकमेकांवर ठपका ठेवत राहिले. हिदेयोशीला मात्र निमित्त मिळाले.

जानेवारी १५९७ मध्ये क्योटोत गोन्सालोंसह पकडलेल्या २४ ख्रिस्ती जणांच्या डाव्या कानाची पाळी कापून धिंड काढली. मग ऐन थंडीत सुमारे महिनाभर नागासाकीपर्यंतची वाट. वाटेत आणखी दोघे धरले गेले, म्हणून संख्या २६.

५ फेब्रुवारीला नागासाकीतील निशिझाका टेकडीवर जे झाले, ते जपानी पद्धतीने. त्या क्रुसाला पाय टेकायला खाली आणखी एक आडवी पट्टी आणि मध्ये बसायला खुंटी असे. हात, पाय आणि मान लोखंडी कड्यांनी जखडत, दोरांनी आवळत. क्रूस उभा केला की दोन भालाईत दोन्ही कुशींतून वर खांद्यांकडे भाले खुपसत. त्यामुळे मरण लवकर येई. रोमन पद्धतीत ते तासन्‌तास लांबे.

८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सर्व २६ जणांना एकत्रच संतपद दिले. तेव्हा यंदाच्या लेखात नावापुढे ‘ब्रदर’ छापावे आणि इतर पंचविसांनाही चार ओळी द्याव्यात. त्यांतले वीस जण जपानी होते आणि सर्वात लहान लुईस इबाराकी अवघा बारा वर्षांचा होता.

— वसईतील काही वाचक