गाळे नकोत, पप्पा

प्रिय आई आणि पप्पा,
सप्रेम सलाम.

पप्पा, परवा फोनवर तुम्ही पुन्हा पुन्हा विचारत होता, "गाळ्यांचं काय ठरलं?" आणि मी ओरडून सांगत होते ते तुमच्यापर्यंत पोचत नव्हतं. दादा म्हणाला, कानाचं यंत्र तुम्ही हल्ली खिशातच ठेवता. शिवाय हा विषय ओरडून सांगण्यासारखा नाही, शेजारी ऐकतात. म्हणून पत्र लिहायला बसले आहे. आई, तू त्यांना वाचून दाखव. मध्ये ते चिडले तर थांब, चहा दे, आणि मग पुढचं वाच.

पॅस्टरेट कमिटीनं, म्हणजे चर्चच्या कारभारी समितीनं, आपल्या नगरच्या मंडळीचा पुढच्या पाच वर्षांचा आराखडा करायला आम्हा चार-पाच जणांना बसवलं, हे तुम्हाला माहीत आहे. पहिल्याच बैठकीत फळ्यावर पहिली ओळ लिहिली गेली ती "रस्त्याच्या बाजूला भाड्यानं द्यायचे दुकानगाळे". त्याखाली "लग्नाचा हॉल". त्याखाली "पार्किंग". सुवार्ता, खेडी, मुलं, आजारी माणसं हे सगळं मिळून तळाला एक ओळ उरली होती आणि तीही "इतर" म्हणून. मी तेव्हाच गाळ्यांच्या विरोधात बोलले. तुम्हाला हे आवडणार नाही, कारण ट्रेसिंग पेपरवर त्या गाळ्यांचा पहिला नकाशा तुम्ही काढला होतात आणि तो अजून वेस्ट्रीतल्या, म्हणजे पाळकांच्या खोलीतल्या, कपाटात आहे. पण मुद्दा तुमच्याच हिशेबाच्या वह्यांतून घेतला आहे.

आठवतं ना, कंपाउंडच्या कोपऱ्यावरचं ते एक दुकान? भाडं ठरलं तेव्हा मंडळीला केवढा आनंद झाला होता. पुढे तो भाडेकरू जागा सोडेना, भाडं वाढवेना, आणि खजिनदार म्हणून तुमची किती वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढण्यात गेली. आई म्हणायची, "यांचं वचन वाचायचं राहिलं, पण तारीख राहिली नाही." एका दुकानानं एवढं केलं. आता ओळीनं दहा-बारा गाळे बांधायचे म्हणतात. मिशनची जमीन आपल्या नावावर नाही, ट्रस्टची आहे. विश्वस्त संस्थांच्या कायद्याचं कलम 36 तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे: बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. म्हणजे आराखड्यातली पाच वर्षं परवानगी, वकील, नकाशे आणि ठेकेदार यांतच जाणार. त्यात रविवारी कोण आलं, कोण आलं नाही, हे बघायला कुणाला वेळ?

पण कोर्टकचेरी हे दुसरं कारण. पहिलं कारण वेगळं आहे. मंडळीला भाडं मिळायला लागलं की आपण माणसांकडे मागणं बंद करतो. डायोसिसला, म्हणजे धर्मप्रांताला, दर मंडळीनं भरायचा वाटा, ते असेसमेंट, भाड्यातून सुटतं, पाळकसाहेबांची सोय होते, मग वर्गणीदारांच्या घरी जायचं कशाला? आणि वर्गणीसाठी घरी जाणं थांबलं की घरी जाणंच थांबतं. तुम्ही महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सायकलवर पावती पुस्तक घेऊन निघायचात. पन्नास रुपयांसाठी अर्धा तास बसायचात. त्या अर्ध्या तासात कुणाच्या मुलीला बघायला येणार, कुणाचं ऑपरेशन ठरलं, कोण दारूत बुडालं, सगळं पाळकसाहेबांपर्यंत पोचायचं. आता दानपेटीवर क्यूआर कोड चिकटवलाय. चांगली सोय आहे, मीही वापरते. पण कोडला कुणाची मुलगी माहीत नसते.

हा वाद काही आजचा नाही. 1854-55 मध्ये अमेरिकन बोर्ड या बोस्टनच्या मिशनरी संस्थेचे सचिव रुफस अँडरसन स्वतः हिंदुस्थानात आले होते, मुंबईला आणि आपल्या नगरलाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं: मंडळी स्वतःच्या पैशावर उभी राहावी, तिचा कारभार तिनं स्वतः करावा, आणि सुवार्ताही तिनंच पुढे न्यावी, मिशनऱ्यांनी एक दिवस गाशा गुंडाळून निघून जावं. नगरची पहिली मंडळी 1833 ची, म्हणजे तेव्हा ती वीस-बावीस वर्षांची होती. हरिपंत खिस्ती यांच्यासारख्या इथल्या माणसांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली ती त्याच काळात. अँडरसनसाहेबांनी इंग्रजी शाळांना कात्री लावली ते मला अजूनही पटत नाही, पण पैशाबद्दल त्यांचं बरोबर होतं. दीडशेहून जास्त वर्षं झाली. आधी बोस्टनचा पैसा होता, मग मिशनच्या मालमत्तेचा, आता गाळ्यांचा. स्वतःच्या खिशाची पाळी आपण सारखी पुढे ढकलत आलो.

आता रजिस्टरांबद्दल. आराखड्यासाठी मी जुनी रजिस्टरं काढून बसले होते. बाप्तिस्म्याच्या जुन्या रजिस्टरात एकेका ईस्टरची नावं पानभर आहेत. आता एका पानात दोन वर्षं मावतात. दफनाचं रजिस्टर मात्र नवीन आणावं लागलं. कमिटीतल्या एका तरुणानं लगेच "मंडळी संपत चालली" असं जाहीर केलं. तसं नाही. अर्धी मंडळी तुमच्यासारखी पिंपरी-चिंचवड आणि वडगाव शेरीला आहे. नाव नगरच्या यादीत, उपासना पुण्याला, आणि दफनाला मात्र सगळ्यांना इथेच यायचंय. (आई, तुम्ही दोघं घाई करू नका, दफनभूमीतही जागा कमी आहे.)

आणि जे इथे आले त्यांच्याकडे आपलं लक्षच नाही. नागापूरच्या एमआयडीसीत कामाला आलेली, मराठवाड्यातून आणि नेवासा-शेवगावकडून आलेली कितीतरी कुटुंबं सावेडीच्या पुढे भाड्याच्या खोल्यांत राहतात. रविवारी सुट्टी नसते, पाळी असते. त्यांना सकाळी साडेआठची उपासना कशी जमणार? त्यांच्यासाठी शुक्रवारी रात्री कोणाच्या तरी खोलीत कॉटेज मीटिंग घ्यायची, एवढी साधी गोष्ट आराखड्यात यायला मला दोन बैठका भांडावं लागलं. मी स्वतः एकदा गेले होते. दहा बाय दहाच्या खोलीत पंधरा माणसं, एक पेटी, एका बाळाचा पाळणा मध्येच टांगलेला, जो शेजारी बसेल त्यानं हलवायचा. पाळकसाहेबांनी वचन सांगितलं ते पाळणा हलवत.

सभासद वाढवण्याचं "टार्गेट" ठेवायचं अशी एक सूचना आली होती. मी ती उडवून लावली आणि याबाबतीत पप्पा, तुम्ही माझ्या बाजूनं असाल याची मला खात्री आहे. तुम्ही स्वतः खजिनदार असताना कितीतरी घरांची वर्गणी "एक मित्र" म्हणून लिहीत होता. का ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. ज्या बाईच्या मुलाची फी, नोकरी जातीच्या त्या एका दाखल्यावर टिकून आहे, तिनं रजिस्टरात सही करावी म्हणून आपण मागे लागायचं? ती दर रविवारी येते, मागच्या बाकावर बसते, प्रभुभोजनाच्या वेळी खाली मान घालून बसून राहते. तिला यादीत मोजायचं की नाही, हे ठरवायला मला कमिटी नको. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी नगरमध्ये एवढी वर्षं काढली, आपण त्यांच्या नावाचा सारखा उच्चार करतो. पण 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडून साताऱ्याला "देवाचा दरबार" मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना एकत्र बसवलं, ही गोष्ट मात्र आपण उपदेशात फार सांगत नाही. त्यांची भजनं म्हणणं सोपं आहे.

तरुणांचं थोडक्यात सांगते, कारण या विषयावर सगळेच फार बोलतात. पोरं हॉल भाड्यानं घेऊन भरणाऱ्या फेलोशिपला, त्या वेगळ्या प्रार्थनासभेला, जातात, तिथे ड्रम आहे, हिंदी गाणी आहेत, आणि मुख्य म्हणजे तिथे त्यांना कुणीतरी काम देतं. आपल्याकडे पस्तिशीपर्यंत पोराला खुर्च्या लावण्यापलीकडे काही देत नाहीत. माझ्या चिरंजीवांना गीतपुस्तकातलं मराठी अडखळत वाचता येतं, म्हणून पडद्यावर इंग्रजी अक्षरांत गीतं दाखवायची टूम निघाली आहे. मला ते बघवत नाही. पण मी विरोध केला नाही. त्याऐवजी संडे स्कूलमध्ये अर्धा तास वाचनाचा ठेवा म्हणाले, आणि तो अर्धा तास माझ्याच गळ्यात पडला.

खरा जीव मात्र खेड्यांच्या प्रश्नात आहे. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. दिवसा पाटी-पुस्तक, संध्याकाळी त्याच खोलीत प्रार्थना, रविवारी उपासना, आणि पत्र आलं तर ते वाचून दाखवायलाही तेच. नगरच्या आसपास मंडळ्या वाढल्या त्या अशा मास्तरांच्या जिवावर. पुढे शाळा झेडपीकडे गेल्या. ते चांगलंच झालं, सगळ्यांची शाळा झाली. पण मास्तर गेला तसा गावातला उपासना चालवणारा माणूसही गेला, आणि त्याच्या जागी आपण कुणालाच नेमलं नाही. आता एक पाळक चार-पाच गावं करतो, महिन्यातून एकदा जातो, प्रभुभोजन देतो आणि शेवटची एसटी पकडतो. मंडळी आटली याचं खापर आपण फेलोशिपवाल्यांवर फोडतो, मोबाइलवर फोडतो. मला वाटतं, मास्तर गेला तेव्हाच ती आटायला लागली.

म्हणून माझी मुख्य मागणी ही आहे: गाळ्यांसाठी जमवलेल्या पैशांतून सध्या दोन गावांत अभ्यासिका सुरू करायची. चर्चची खोली आहेच, वीज आहे, पत्रे बदलावे लागतील. गावातलीच एखादी पदवीधर मुलगी मानधनावर नेमायची, संध्याकाळी सहा ते आठ. ख्रिस्ती मुलं, मराठ्यांची, वंजाऱ्यांची, ज्यांना यायचं ती सगळी. धर्माचं एक अक्षरही त्या दोन तासांत नको. उपासना रविवारी, ज्याला यायचं त्यानं यावं. एकानं विचारलं, "मग त्यात मिशन कुठे आलं?" मी म्हटलं, 1848 मध्ये जोतीराव फुले नगरला मिस फॅरार या मिशनरी बाईंची मुलींची शाळा बघून गेले, तेव्हा त्यांनी बाईंना हा प्रश्न विचारला होता का? आपल्यातल्या हिवाळेसाहेबांनी 1947 मध्ये अहमदनगर कॉलेज काढलं ते काय फक्त आपल्या पोरांसाठी? कोरोनात सॅल्व्हेशन आर्मीच्या बूथ हॉस्पिटलमध्ये पेशंटचा धर्म विचारत होते का? बैठक जरा गरम झाली. पाळकसाहेबांनी प्रार्थना करून सोडवली.

पैसे पुरतील का, हा तुमचा प्रश्न मला इथूनच ऐकू येतोय. मागच्या हंगामाच्या सणाला चर्चसाठी आणलेल्या पिकाचा लिलाव आठवा. गावाकडच्या मावशीनं आणलेला तो भोपळा. आईनं बोली लावून घेतला, पैसे भरले आणि "परत मांडा" म्हणून पुन्हा लिलावाच्या टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी घेतला, परत मांडला. मग त्या पोल्ट्रीवाल्यानं घेतला. शेवटी भोपळा मावशीच घेऊन गेल्या, कारण पोल्ट्रीवाल्याच्या बायकोला भोपळा आवडत नाही. वेस्ट्रीतल्या कपाटाला नवी दारं आली ती त्या भोपळ्यातून. लोक देतात, पप्पा. कशासाठी ते दिसलं पाहिजे आणि समोर येऊन कुणी मागितलं पाहिजे. महिला मंडळानं एका गावाचं मानधन उचलायची तयारी दाखवली आहे. अट एकच, हिशेब दर महिन्याला फळ्यावर लागला पाहिजे. आई, ही अट कुणी शिकवली ते सांगायला नको.

असेसमेंट वर्गणीतूनच भरायचं आणि दुकानाच्या भाड्याला त्यासाठी हात लावायचा नाही, असा ठराव मी लिहून दिला आहे. पहिलं वर्ष ओढाताण होणार. कदाचित पाळकसाहेबांनाच उशिरा पैसे मिळतील आणि मग सगळे माझ्याकडे बोट दाखवतील. त्यांच्याशी मी आधीच बोलले. ते म्हणाले, "ताई, उशीर मला नवीन नाही."

वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. गाळ्यांच्या बाजूनं बोलणारे तुमचंच नाव घेणार, "खजिनदारसाहेबांचं स्वप्न" वगैरे. म्हणून दोन गोष्टी हव्या आहेत. एक, त्या दुकानाच्या खटल्याचा खर्च तुम्ही वेगळ्या वहीत लिहून ठेवला होता. ती वही पुण्याला तुमच्या ट्रंकेत आहे, दादा शनिवारी येतोय त्याच्याबरोबर पाठवा. दुसरं, तुम्हाला माझं पटलं नसेल तर तसं स्वतःच्या अक्षरात लिहून पाठवा. मी ते सभेत शब्दन् शब्द वाचून दाखवीन आणि मगच उत्तर देईन. तुमच्या नावावर दुसऱ्या कुणी बोललेलं मला चालणार नाही.

बी.पी.च्या गोळ्या दोघांच्या वेगळ्या डब्यांत ठेवल्या का? मागच्या वेळी एकाच डब्यात होत्या.

तुमची,
शैला